भरपाईच्या गोळ्या

माझा धाकटा भाऊ गेला त्याला आता दहा महिने होतील. दाखल्यावर मृत्यूचं कारण म्हणून हृदयक्रिया आणि श्वसन बंद पडल्याचं लिहिलं आहे. ते खोटं नाही. माणूस जातो तेव्हा हृदय बंद पडतंच. पण तो कागद हातात घेऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होते तेव्हा रडू यायच्या आधी मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. गेली चार वर्षं माझं कामच हे आहे. माणसं कशाकशाने आजारी पडतात, आणि एक दुखणं दुसऱ्या दुखण्याला कसं वाढवतं, हे विचारत मी खोल्याखोल्यांतून फिरते. सख्ख्या भावाचं उत्तर मात्र त्या एका ओळीत बसवलेलं वाचावं लागलं.

मी शिकले ग्रंथालयशास्त्र. भोसरीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते, तिथली जागा पुढे चालू राहिली नाही. मग ओळखीतून एका संशोधन प्रकल्पात काम मिळालं. चाकणच्या पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांना क्षय किंवा मधुमेह झाला, आणि त्याच वेळी नोकरीचा भरवसा नसेल, खोली सोडावी लागत असेल, दर आठवड्याला शिफ्ट बदलत असेल, तर काय होतं, असा तो अभ्यास. प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "नुसती बेरीज करायची नाही. ह्या गोष्टी एकमेकींत गुंततात कशा, ते बघायचं आहे." त्यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे. मराठीत नाही. प्रश्नावलीचं मराठी माझ्याकडे होतं, म्हणून मी तीन दिवस कोश उघडून बसले आणि 'सहविकार' असा शब्द तयार करून नेला.

मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सहकारी बँकेचं नाव वाटतंय."

शेवटी आम्ही 'एकमेकांत गुंतलेल्या अडचणी' असं साधंच लिहिलं.

हे सगळं मी भावाला सांगितलं तेव्हा तो हसला होता. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आम्ही लातूरकडचे. आयटीआय करून तो इकडे आला आणि गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदारामार्फत लागला. निघोज्याला खोली, खोलीत तो आणि माझी भावजय. मूल झालं नाही. माझं सगळं बोलणं ऐकून घेऊन तो म्हणाला, "आक्के, तुझ्या मॅडमला म्हणावं एकदा लाइनीवर येऊन बघा. जॉब, म्हणजे आमचा पत्र्याचा पार्ट, शेवटच्या स्टेशनला चेक होतो. तिथं रिजेक्ट झाला की तिथल्याच माणसाच्या नावावर लिहितेत. आधीच्या चार मशिनींनी काय घाण करून ठेवली ते कोण बघतंय?"

"मग तुम्ही सांगत नाही?"

"सांगायला टाइम कुणाला? तवर पुढचा जॉब येऊन पडलेला असतोय."

प्रकल्पाच्या अहवालात ह्याहून नेमकं काही लिहिलं गेलेलं मला तरी आठवत नाही. तेव्हा मात्र मी ते गमतीत घेतलं.

त्याची साखर वाढलेली आहे हे गणपतीतल्या मोफत शिबिरात कळलं. वय चौतीस. गोळ्या सुरू झाल्या. जेवणाआधी घ्यायच्या. पण कँटीनची जेवणाची वेळ शिफ्टप्रमाणे, आणि लाइन थांबली नाही तर जेवण पुढे. गोळी घेतली आणि जेवण लांबलं की त्याला घाम फुटायचा, म्हणून तो जेवण समोर आल्यावरच गोळी घ्यायचा. कँटीनमध्ये भात, बटाटा, दर दोन दिवसांनी गोड. "फुकटचं सोडवत नाही," म्हणायचा. मी त्याला रागवायचे. आता वाटतं, त्या दिवसभराच्या कामात तेवढी एकच गोष्ट गोड होती, आणि मी तीही त्याच्या तोंडून काढून घेत होते.

पुढच्या दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. वजन उतरलं. आरोग्य केंद्रात तपासणी झाली आणि क्षयाचं निदान झालं. औषध मोफत, सहा महिने, रोज, एकही दिवस न चुकवता. त्या गोळ्यांनी साखरेच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि साखर वर राहिली की छाती बरी व्हायला वेळ लागतो. हे मला पाठ होतं. प्रशिक्षणात मी इतरांना शिकवायचे. भावालाही मी कागदावर बाण काढून समजावलं. त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

मग गोष्टी एकामागून एक घडत गेल्या. घरातल्या इतरांनाही लागण आहे का ते पाहायला केंद्रातली बाई निघोज्याला दारात आली. चांगल्या हेतूने, नियमाप्रमाणे आली. पण संध्याकाळपर्यंत साऱ्या चाळीला कळलं. मी भेटायला गेले त्या दिवशी घरमालकीण ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. तिथल्याच जुन्या घरातली, बोलायला मोकळी. मला म्हणाली, "ताई, आमी काय दगडाचं न्हाई. पर संडास एकच हाय आन् खोल्या सहा. बाकीची भाडेकरी कुरकुर करत्यात. म्हयनाअखेर पत्तूर ऱ्हावा, मग दुसरीकडं बघा."

मी तिला सांगितलं की औषध सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत लागण थांबते, संडासातून तर हा रोग पसरतच नाही.

"व्हय, तुमी शिकलेली माणसं. तुमचं खरंच आसंल. पर माझ्या खोल्या रिकाम्या झाल्या तर त्या काय तुमी भरणार हायसा?"

तिच्या जागी ती चूक नव्हती, आणि अशा वेळी मला फार त्रास होतो. चूक एका कुणाची असती तर भांडून घरी आले असते. नवी खोली मिळाली ती चाकणच्याही पलीकडे, राजगुरुनगरच्या रस्त्याला. औषधाचं कार्ड मात्र जुन्या केंद्रावर. ते नव्या केंद्रावर यायला वेळ लागला, तोवर दर खेपेला दोन रिक्षा बदलून जायचं. अर्धा दिवस गेला की कंपनीत खाडा लागतो. खाडा लागला की सुपरवायझर तोंड करतो. म्हणून भावजय जायची, तर केंद्रातले म्हणायचे, पेशंटला घेऊन या.

आणि मग ब्रेक आला. कंत्राटात ठरावीक महिने भरले की ठेकेदार माणसाला कागदावर काढून टाकतो आणि काही दिवसांनी नव्याने लावून घेतो. कधी त्याच कंपनीत, कधी दुसऱ्या. इथे त्याला कुणी अन्याय वगैरे म्हणत नाही. ब्रेक म्हणतात. नव्याने लागायचं म्हणजे पुन्हा मेडिकल. छातीचा फोटो ठेकेदार काढत नाही, तो खर्च कोण करणार. वजन, रक्तदाब, डोळे, रक्तातली साखर आणि लघवी. क्षयाच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. लॅबवाल्याने बाटली बघितली की काम संपलं.

आमची भेट एरवी कमी व्हायची. त्याची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. ब्रेक होता म्हणून त्या आठवड्यात दोघं रविवारी माझ्याकडे कासारवाडीला जेवायला आले. मी मेथीची भाजी केली होती आणि ज्वारीच्या भाकरी. भाऊ गप्प होता. मेडिकलची काळजी असणार हे मला कळत होतं. त्याला बोलतं करावं म्हणून, किंवा माझ्या कामात मी किती काय काय ऐकते हे सांगायच्या हौसेने म्हणा, मी सुरुवात केली.

"परवा तळवड्याला एक जण भेटला. मेडिकलच्या आधी ह्याने गोळ्याच बंद केल्या. लघवीचा रंग जावा म्हणून. साखर दिसू नये म्हणून दोन दिवस नुसत्या पाण्यावर. आणि झाला की पास!"

भाऊ भाकरी मोडता मोडता थांबला. "डोकं लावलं की राव गड्यानं."

"डोकं कसलं? मूर्खपणा."

"किती दिवस बंद केल्या म्हणाला?"

"दोन-तीन दिवसांत रंग जातो म्हणे."

"हं," तो म्हणाला. "आक्के, ठेचा दे जरा."

मी ठेचा दिला.

मुलाखत घेणाऱ्या नव्या लोकांना मी एक गोष्ट नेहमी सांगते. समोरचा माणूस 'किती दिवस', 'कुठे', 'कसं' असं विचारायला लागला की थांबायचं. तो दुसऱ्याबद्दल विचारत नसतो. हे मी वर्गात बोलते, फळ्यावर लिहिते. त्या रविवारी माझ्याच ताटासमोर तो प्रश्न आला आणि मी ठेच्याची वाटी पुढे सरकवली. शिवाय तळवड्याच्या त्या माणसाने मला ते विश्वासाने सांगितलं होतं. ऐकलेलं बाहेर बोलणार नाही अशा कागदावर माझी सही आहे. मी नाव घेतलं नाही, म्हणजे नियम पाळला, असं मी स्वतःला समजावलं होतं.

भाऊ मेडिकल पास झाला. फोनवर सांगताना त्याचा आवाज पुष्कळ दिवसांनी मोकळा वाटला. "गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारलं. "चालू आहेत," तो म्हणाला. पुढे दर फोनला मी हेच विचारायचे आणि तो हेच सांगायचा. त्याच्या हिशेबाने तो खोटं बोलत नव्हता. ते मला पुढे कळलं.

तीन महिन्यांत डोळे पिवळे झाले, पाय सुजले. दवाखान्यात नेलं तेव्हा पहिल्या दिवशी काविळीचं नाव घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी साखरवाले डॉक्टर आले, ते साखरेचं बोलले. तिसऱ्या दिवशी छातीवाले. प्रत्येकाने आपापलं बरोबर सांगितलं. मी प्रत्येकाला म्हणत होते, "तुम्ही तिघं एकदा एकत्र बसून बोलाल का?" एक तरुण डॉक्टर थकलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, आम्ही एका फायलीवर लिहितो ना." ती फाइल पलंगाच्या पायथ्याशी लटकत होती. नवव्या दिवशी भाऊ गेला.

तेराव्यानंतर भावजयीने माझ्या हातात श्रीखंडाचा एक रिकामा डबा दिला. "ह्यांचे औषधाचे कागद हायेत, तुम्हाला समजतील." आत गोळ्यांची पाकिटं होती, आणि कागद असा एकच, माझ्या बाणांचा. प्रत्येक पाकिटावर भावाने बॉलपेनने तारखा घातल्या होत्या. ज्या दिवशीची गोळी राहिली, त्या दिवसाची तारीख. पहिली तारीख त्या रविवारनंतरच्या मंगळवारची. सलग बऱ्याच तारखा होत्या. म्हणजे दोन-तीन दिवसांवर तो थांबला नव्हता. पहिल्या कंपनीने साखरेसाठी परत पाठवलं असणार, मग दुसऱ्या कंपनीचं मेडिकल, त्यासाठी पुढेही बंदच. काही तारखांसमोर बरोबरची खूण आणि बारीक अक्षरात 'भरपाई' लिहिलेलं. त्याच्यापुढे आणखी एक तारीख.

त्या दुसऱ्या तारखा सगळ्या गुरुवारच्या होत्या, हे लक्षात यायला मला कॅलेंडर काढावं लागलं.

कंपनीत खाडा पडला तर तो सुट्टीच्या दिवशी येऊन भरून देता येतो. हजेरी पूर्ण होते, कुणाची तक्रार राहत नाही. माझ्या भावाने औषधाचंही तसंच केलं होतं. चुकलेल्या गोळ्या तो गुरुवारी भरून काढत होता, रोजच्या गोळ्यांवर आणखी. एकेका गुरुवारी दोन-दोन दिवसांच्या, आणि ह्या गोळ्या जास्त झाल्या की आधी यकृतावर ताण येतो. भावजय म्हणालीच होती, "गुरुवारी त्यांना उलट्या व्हायच्या, मला वाटायचं घरचं जेवण सोसत नाही." तो बेफिकीर नव्हता. त्याच्याइतकी काटेकोर नोंद आमच्या प्रकल्पातल्या कुणीही ठेवलेली नाही. फक्त गोळी म्हणजे हजेरी नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी कागदावर बाण काढले होते, पण 'चुकलेली गोळी भरून काढू नकोस' एवढं साधं वाक्य त्यात नव्हतं.

त्या दिवसापासून मला एवढंच हवं होतं, की हे असं घडलं असं कुठेतरी लिहिलं जावं. दाखल्यात जागा नव्हती. प्रकल्पात मात्र होती, कारण आमच्या अभ्यासात भावाचा समावेश झालेला होता. निघोज्यातल्या खोल्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्याच्या खोलीचा क्रमांक निघाला होता. माझा नातेवाईक म्हणून त्याची मुलाखत मी घ्यायची नाही, असं मॅडमनी ठरवलं. पहिल्या दोन फेऱ्या माझ्या एका सहकारी बाईंनी घेतल्या. त्या राजगुरुनगरहून येतात, माझ्याच वयाच्या आहेत, कामात फार शिस्तीच्या. तिसऱ्या फेरीत तो नव्हता. मग नियमाप्रमाणे घरच्यांकडून त्याच्या शेवटच्या आजारपणाची माहिती घ्यायची होती. ती घ्यायलाही त्याच आल्या. मी भावजयीशेजारी बसले, नातेवाईक म्हणून.

त्यांनी टॅब उघडला आणि सुरुवातीचा मजकूर वाचून दाखवला. "मृत व्यक्तीच्या आठवणींमुळे आपणास त्रास झाल्यास आपण मुलाखत कोणत्याही क्षणी थांबवू शकता." हे वाक्य माझं. खिडकीशी बसून, चहा पीत, मी ते लिहिलं होतं. 'मृत व्यक्तीच्या' का 'दिवंगत व्यक्तीच्या' ह्यावर अर्धा तास घालवला होता. आता कानावर पडलं तेव्हा ते कुठल्याशा सरकारी नोटिशीतलं वाटलं. भावजयीने मान हलवली. पुढचे प्रश्न असेच येत गेले. ताप किती दिवस, सूज कुठे, जेवण जात होतं का. ती हळू पण नीट उत्तरं देत होती.

"मृत व्यक्ती औषधे नियमितपणे घेत होती का?"

"हो," भावजय म्हणाली. "एकबी चुकवली नाही त्यांनी."

मी तिच्याकडे बघितलं. डबा तर तिनेच मला दिला होता. तारखा तिला वाचता येतात.

"हो लिहू नका," मी म्हणाले.

सहकारी बाईंनी मान वर केली. "ताई, तुम्ही नातेवाईक म्हणून बसलाय. आधी त्यांचं उत्तर होऊ द्या." हेही मीच शिकवलेलं.

"त्याने गोळ्या बंद केल्या होत्या. मेडिकलसाठी."

"वन्सं, राहू द्या की," भावजय म्हणाली.

"कसं राहू देऊ?" माझा आवाज चढला. मी सहसा मोठ्याने बोलत नाही. मग मी सगळं सांगितलं. तळवड्याचा माणूस, रविवारचं जेवण, किती दिवस म्हणून त्याने विचारलेलं, ठेच्याची वाटी. सहकारी बाईंचं बोट टॅबवर होतं तिथेच राहिलं. बोलून झाल्यावर भावजयीकडे बघायचं धैर्य मला होईना, म्हणून मी भिंतीवरच्या भावाच्या कंपनीच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"मला माहितंय ते," भावजय म्हणाली. "मी तिथंच जेवायला बसले होते की, वन्सं. परत जाताना बसमध्येच म्हणाले, आक्कानं बरं सांगितलं, आता पास होतोय बघ. लई खूश होते त्या दिवशी."

मी कॅलेंडरवरची नजर तिच्याकडे वळवली.

"म्हणून तर मी हो म्हणलं. हे तुमच्याच हापिसात जाणार. तुमचं नाव कशाला त्यात?"

ती माझ्यासाठी खोटं बोलली होती. भाऊ गेल्यापासून मी ह्या खोलीत येत होते, तिला फॉर्म भरून देत होते, धीर देत होते, आणि ती सगळा वेळ हे ठाऊक असून मला चहा देत होती.

सहकारी बाईंनी टॅब पुन्हा जवळ ओढला. मग हळूच म्हणाल्या, "उत्तर 'नाही' केलं की पुढे कारण विचारतंय. दुष्परिणाम, केंद्र लांब, विसरले, इतर. चारांतलं एक."

"इतर," मी म्हणाले.

"मग थोडक्यात लिहावं लागतं. काय लिहू?"

"बहिणीने सांगितलं म्हणून."

"हे मी नाही लिहिणार," त्या म्हणाल्या. "हे काय कारण झालं?"

"कामावर घेत नव्हते म्हणून, असं लिहा," भावजय म्हणाली.

"पण कामावर तर घेतलं होतं ना त्यांना?"

"गोळ्या बंद केल्यावर घेतलं."

आम्ही तिघी तिथे बसून वाद घालत होतो. मालकिणीने खोली सोडायला लावली ते कारण धरायचं का, असं भावजयीने मधेच विचारलं. केंद्र लांब पडलं ते? पण त्याला वेगळा क्रमांक आहे, सहकारी बाई म्हणाल्या, दोन क्रमांक एकदम घेत नाही हे. मी म्हणाले, भरपाईच्या गोळ्यांचं कुठे लिहिणार? त्या म्हणाल्या, तो प्रश्नच नाही यात. खरंच नव्हता. प्रश्नावली मराठीत मीच आणली होती, मला ठाऊक असायला हवं होतं. शेवटी त्यांनी बसेल तेवढं टाइप केलं. चौकोनात ठरावीक अक्षरंच मावतात. पडद्यावर राहिलं ते इतकं: 'मेडिकलसाठी बंद. माहिती बहिणी'.

तिथे ते तुटलं. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

'इतर' खाली आलेली उत्तरं वाचून त्यांना क्रमांक देणं हे कार्यालयातलं माझं काम. तीन आठवड्यांनी ती ओळ माझ्यासमोर आली. नाव नसतं, पण तुटलेलं 'बहिणी' मला ओळखू आलं. मी उठून मॅडमकडे गेले.

"हे तू करायचं नाहीस," त्या लगेच म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला तरी देते."

"कुणालाही दिलं तरी क्रमांक एकच पडणार ना?"

"हो."

"कोणता?"

त्यांनी ओळ वाचली. "चार. इतर."

"मॅडम, आपला सगळा अभ्यास गुंत्याचा आहे. आणि ह्या माणसाचं सगळं 'इतर'मध्ये?"

"तिसऱ्या फेरीच्या मध्ये फॉर्म बदलला तर आधीच्या दोन फेऱ्यांशी तुलनाच करता येणार नाही. मग चार वर्षांचं काम कशाला केलं?" त्या चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. त्या भावाच्या अंत्यविधीला आल्या होत्या. "एका उत्तरावर वेगळा क्रमांक काढता येत नाही. अशी आणखी असतील तर दाखव. मग बघू."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ह्या सगळ्या प्रकारात मला चुकीचं बोलणारा माणूसच भेटलेला नाही. घरमालकीण, केंद्रातली बाई, तिन्ही डॉक्टर, मॅडम, सगळे आपापल्या जागी बरोबर. सगळेच बरोबर आहेत, ह्यानेच माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

अशी आणखी आहेत का ते बघायला मी पहिल्या फेरीचे फॉर्म पहिल्यापासून वाचायला घेतले आहेत. रोजचं काम संपलं की बसते. अशी उत्तरं आहेत. 'गेट पाससाठी थांबलो.' 'नवीन कंपनी होती.' 'तपासणी होती म्हणून.' ह्यांतली काही 'विसरले'मध्ये गेली आहेत, काही 'दुष्परिणाम'मध्ये, बाकीची 'इतर'मध्ये. क्रमांक देणाऱ्याची आद्याक्षरं शेजारी असतात. बहुतेक ठिकाणी माझीच आहेत. त्या वेळी मला हे नीट वाचता आलं नव्हतं असंही नाही. समोर ढीग होता, आणि पुढचा फॉर्म येऊन पडलेला होता.

परवा तळवड्याच्या त्या माणसाचा फॉर्म सापडला. त्याचं उत्तर मी शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं, अगदी 'नुसत्या पाण्यावर' सुद्धा. शेजारी चार आणि माझी आद्याक्षरं. त्याच्या दुसऱ्या फेरीचा फॉर्म काढला. तो कोरा आहे. वर एवढंच लिहिलंय, 'पत्ता सोडून गेले'. त्याने पुढे गोळ्या सुरू केल्या का, केल्या तर कशा, हे मी त्याला विचारलं नव्हतं. गोष्ट ऐकली आणि घरी जाऊन जेवताना सांगितली.

मॅडमना मी अजून काही दाखवलेलं नाही. यादी मोठी होते आहे, पण हा माणूस जिवंत आहे की नाही हे कळल्याशिवाय ती पुढे ठेवणं मला जमणार नाही. त्याच्या जुन्या खोलीशेजारी कुणीतरी ओळखीचं असेल, कुणाकडे नंबर असेल. भावजयीला सांगितलं तर ती म्हणाली, मीपण येते. मी रजा टाकली आहे. आम्ही गुरुवारी जाणार आहोत. गुरुवारी माणसं घरी सापडतात.